पाटीवरचं दूध

फैजपूरच्या बसस्टँडवर उतरून कुठल्याही दिशेला पन्नास पावलं चाला, हबीब पेंटरच्या हातची पाटी डोळ्यात भरल्याशिवाय राहायची नाही. फ्लेक्स आला आणि आजूबाजूच्या पेंटरांपैकी कुणी रिक्षा धरली, कुणी घरांच्या भिंती रंगवायला लागला. हबीब मात्र चौसष्टाव्या वर्षीही शिडीवरच होता. कारण साधं होतं. अक्षर काय, कुणीही काढतं. पण कुठल्या धंद्याला कुठला रंग चालतो, हे त्याला जेवढं कळायचं तेवढं मोठमोठ्या कंपन्यांच्या साहेबांना तरी कळत असेल की नाही, देव जाणे.

केळीच्या व्यापाऱ्याने पाटीवर पिवळीजर्द केळी मागितली, की हबीब त्याला वेड्यात काढायचा. पिवळं केळं म्हणजे गाडीतच पिकलेला माल, दिल्लीला पोचेपर्यंत त्याचा चिखल. अशी पाटी बघून कुठला शेतकरी आपले घड त्या माणसाच्या हवाली करील? व्यापाऱ्याला हिरवंगार केळं. तेच केळं वेफर्सच्या दुकानावर पिवळं. कृषी केंद्राच्या पाटीवर पान काढलं तर त्यात पिवळ्याचा ठिपकाही नको, बागेवर रोग आल्यासारखं वाटतं. खानावळीला लाल, त्याने भूक खवळते. लोक आधी डोळ्याने खातात, मग तोंडाने, असं तो शिडीवरून खाली बघत सांगायचा, आणि खाली उभा असलेला दुकानदार मान हलवायचा.

मान हलवण्यापलीकडे दुकानदाराला काही करायची मुभाच नव्हती म्हणा. हबीबचा कायदा कडक होता. पाटी घरी जुन्या चादरीखाली तयार व्हायची, चादरीतच दुकानावर चढायची, मग चादर ओढायची आणि मालकाने नारळ फोडायचा. रंगाबद्दल ब्र काढायचा नाही. एका कापडवाल्याने एकदा ‘हा मरून रंग जरा उजळ चालला असता’ एवढंच म्हटलं, तर या गृहस्थाने पाटी उतरवली, खांद्यावर टाकली आणि चालता झाला. चार वर्षं त्या कापडवाल्याला दाराशी उभं केलं नाही. तेव्हापासून गावात कुणाची टाप नव्हती.

स्टँडसमोरच्या गाळ्यात हितेंद्रचं फ्लेक्सचं दुकान होतं. पोरगा शिकलेला, कॉम्प्युटरवर लोगो करून द्यायचा. त्याने एकदा मोबाइलवर कुठला रंग काय सांगतो याचा तक्ता दाखवला. त्यात निळ्यापुढे लिहिलं होतं, विश्वास. हबीब हसला. निळा बँकेला विश्वासाचा असेल, बर्फाच्या कारखान्याला असेल, पण दुधाच्या पाटीवर निळ्याला हात लावायचा नाही, हे लिहून ठेव म्हणाला. पाणी घातलेलं दूध काठाला निळसर मारतं. बायांना ते न सांगता कळतं. हितेंद्रने खरंच वहीत लिहून ठेवलं.

आणि हे सांगणाऱ्या माणसानेच पुढे काय केलं, ते आता सांगायचं आहे.

चारुलताचा नवरा अभिमन केळीच्या ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस उत्तरेकडे. मागे ही बाई दोन म्हशींवर सुरू झाली आणि सहा वर्षांत अकरा म्हशींवर आली. तिचा सगळा डोलारा होता लोटनवर. लोटन मूळचा पिंपळनेरकडचा, पन्नाशी ओलांडलेला, बोलायला कमी. म्हशी त्याच्या हाताशिवाय पान्हा सोडायच्या नाहीत. सकाळ-संध्याकाळ धारा तोच काढायचा आणि बादल्या घासूनपुसून उन्हात उलट्या घालायचा. चारुलताने स्टँडजवळ गाळा घेतला, तेव्हा पहिल्यांदा ती हबीबकडे आली.

तिचे वडील आणि हबीब जुने दोस्त. त्यामुळे पाटीत त्याने जीव ओतला. मोठा पितळी लोटा, त्यातून उतू जाणारं दूध, फेसासकट. लोट्याची चमक अशी, की हात लावून बघावासा वाटावा. दुधाच्या पांढऱ्यावर मात्र तो तीन दिवस अडला. अलीकडे त्याला डब्यातला पांढरा पिवळट दिसायचा. कंपन्या भेसळ करायला लागल्या, दुसरं काय, असं म्हणून तो शिव्या घालायचा. त्यावर त्याचा जुना उपाय होता. धोतराला नीळ देतात तसा पांढऱ्यात बाटलीतला निळा रंग थोडा टाकायचा, पांढरा खुलतो. पूर्वी काडीच्या टोकाएवढा लागायचा, आता चमचा लागत होता. टाकत गेला, ढवळत गेला, आणि डोळ्याला शुभ्र वाटलं तेव्हा थांबला.

चादर ओढली. चारुलताने पाटीकडे बघितलं, एकदा हबीबकडे बघितलं आणि नारळ फोडला. लोट्याचं चित्र तिला इतकं आवडलं, की तिने त्याचा फोटो काढून जळगावहून दुधाच्या पिशव्या छापून आणल्या. छापणारा इमानदार, रंग जसाच्या तसा उतरवला. टेम्पोच्या दोन्ही दारांवर हबीबने तोच लोटा काढला. गावात कुठेही मान वळवा, लोटा हजर.

दोन-तीन महिने बरे गेले. मग कुणीतरी म्हणालं, दूध पातळ लागतं हल्ली. चहावाल्या गिरधरने अर्धं दूध दुसरीकडून घ्यायला सुरुवात केली. बाया पिशवी हातात घेऊन उजेडात धरायच्या, पिशवीवरचा लोटा बघायच्या आणि परत ठेवायच्या. का ठेवली विचारलं तर सांगता यायचं नाही. चारुलताने दूध तपासायची काचेची नळी काउंटरवर ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर दुधात सोडून दाखवली. आकडा बरोबर यायचा. तर लोक म्हणायला लागले, मनात पाप असल्याशिवाय कुणी एवढं दाखवत नाही. काय बोलणार आता यावर?

ती रडवेली होऊन हबीबकडे आली. चाचा, तुम्हाला धंद्यातलं कळतं, माझं कुठे चुकतंय, म्हणाली. पाटीत काही कमीजास्त असेल का, असंही तिने अडखळत विचारून पाहिलं. हबीबचा पारा चढला. तिचं दूध त्याच्या घरीही यायचं आणि त्याला ते छान सायीच्या रंगाचं दिसायचं, हे खरं. पण त्या वेळी त्याला आपल्या पाटीपुढे दुसरं काही सुचलं नाही.

“माझ्या पाटीत खोट निघायची नाही, पोरी,” तो म्हणाला. “खोट दुधात असेल. धार कोण काढतो ते बघ.”

झालं. या एका वाक्याने घात केला. चारुलताने आठ दिवस लोटनवर नजर ठेवली. काही सापडलं नाही, पण नजर ठेवायला लागलं की साधं हात धुणंसुद्धा चोरीसारखं दिसतं. नवव्या दिवशी संध्याकाळी, गिऱ्हाइकं उभी असताना, काउंटरपुढे तिने लोटनला सांगितलं की उद्यापासून येऊ नको, मला पाण्याचं दूध विकायचं नाही. मुद्दाम चारचौघांत बोलली, म्हणजे गावाला कळेल की खोट काढून टाकली. लोटनने हातातली बादली पालथी घातली आणि स्टँडवर जाऊन बसला. सगळं हबीबने पलीकडून बघितलं आणि बरं झालं असं त्याला वाटलं.

नाव काही परत आलं नाही. उलट, लोक म्हणाले, बघा, म्हणजे पाणी होतंच. आणि नव्या गड्याला म्हशी पान्हा सोडेनात. अकराच्या पाच राहिल्या.

हे होऊन वर्ष होत आलं असेल. हबीबची मुलगी नाजमीन धुळ्याला दिली होती. तिच्याकडे गेला असताना तिच्या जांभळ्या ओढणीला तो तपकिरी म्हणाला. नाजमीनने आधी थट्टा केली, मग दुसरी ओढणी पुढे धरली, मग तिसरी, आणि मग तिचं हसू गेलं. दुसऱ्या दिवशी तिने त्याला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून पिवळा झालेला. आधी उजवा करू, दीड-दोन महिन्यांनी डावा, डॉक्टर म्हणाले.

पट्टी निघाली तेव्हा हबीब लहान मुलासारखा हरखला. भिंत एवढी पांढरी असते? आकाश असं असतं? नाजमीनची ओढणी त्याने चार वेळा मागून बघितली. दोन दिवस तो तिच्या गच्चीवर बसून येणारे-जाणारे सदरे, साड्या, रिक्षांचे पडदे बघत होता. चाळीस वर्षं रंगांत काढलेल्या माणसाला रंग परत मिळाले होते, त्याच्या सुखाला तोटा नव्हता.

तिसऱ्या दिवशी काळा चष्मा लावून तो फैजपूरला उतरला. आणि उतरल्या उतरल्या समोर चारुलताची पाटी.

आधी त्याला वाटलं, पाटी कुणीतरी बदलली. चष्मा काढला. लोटा त्याचाच, अक्षर त्याचंच. पण लोट्यातून उतू जात होतं ते निळं पाणी. धुण्याच्या बादलीतलं शेवटचं पाणी असतं ना, तसं. त्याने उजवा डोळा झाकला आणि जुन्या, डाव्या डोळ्याने बघितलं. शुभ्र दूध. डावा झाकला, निळं पाणी. उजवा झाकला, दूध. रस्त्यात उभा राहून तो हेच करत राहिला. मागून रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला तेव्हा बाजूला झाला.

घरी पोचला तर घराचीही तीच तऱ्हा. दर ईदला स्वतः दिलेला पांढरा रंग, चारही भिंती आकाशी. त्याने हुस्नबानोला विचारलं, हे तुला दिसत नव्हतं? बायको म्हणाली, दोन वर्षं दिसतंय. मग सांगितलं का नाही? तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि कणीक मळायला लागली. हबीब ओट्यावर बसून राहिला. कोपऱ्यात निळ्या रंगाच्या रिकाम्या बाटल्यांचा ढीग होता, आणि पूर्वी त्याला एक बाटली वर्षभर पुरायची.

खरं सांगायचं तर तीन दिवस त्याने कुणाला काही सांगितलं नाही. गप्प राहिला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. पाटी पुसून नवी करून दिली असती, जुन्या दोस्ताच्या मुलीला भेट म्हणून, वर मोठेपणाही मिळाला असता. आणि बोललं तर? चार-पाच वर्षांतल्या सगळ्या पाट्या आहेतच की गावभर. प्रत्येक दुकानदार बाहेर येऊन मान वर करून बघणार. हबीब पेंटरचा रंग चुकला, एवढं एक वाक्य पुरे, हितेंद्रच्या दुकानापुढे रांग लागेल. तो हे सगळं मनात घोळवत होता, आणि प्रत्येक वेळी लोटन बादली पालथी घालताना दिसत होता. चौथ्या दिवशी जेवण जाईना, तेव्हा तो उठला आणि चारुलताच्या गोठ्यावर गेला.

त्याने सगळं सांगितलं. डोळा, नीळ, पाटी, पिशव्या. चारुलता शेण काढत होती, ती काढतच राहिली.

“मला पहिल्याच दिवशी निळं दिसलं होतं, चाचा,” ती म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“बोलू दिलं असतं तुम्ही?”

पुढे ती जे बोलली ते त्याला जास्त लागलं. तुम्ही पांढरं म्हणालात, मग मला वाटलं आपलंच चुकत असेल, एवढा मोठा कारागीर सांगतोय. पुढे कानांवर येईल ते खरं वाटायला लागलं. सहा वर्षं ज्याच्या हातचं दूध माझी पोरं प्यायली, त्याला मी रस्त्यावर उभं राहून चोर म्हटलं. हे सांगताना तिने फावडं भिंतीला टेकवलं आणि पदर तोंडावर घेतला. मग म्हणाली, मला सांगून काय उपयोग, लोटनभाऊंना सांगा. माझं तर त्यांच्यापुढे जायचं तोंड नाही, पण परत आले तर म्हशी त्यांच्याच हाती.

डॉक्टरने धुळीत फिरू नका म्हटलं होतं. हबीब जळगावला गाडी बदलून धुळ्याला गेला, तिथून साक्री, तिथून पिंपळनेर, आणि पुढे जीपने लोटनच्या वस्तीवर. लोटन कांदे साठवायच्या चाळीत पोती उचलायच्या कामावर होता. दुभत्याच्या कामाला त्याला कुणी ठेवलंच नव्हतं. बातमी काय, माणसाच्या आधी पोचते. म्हशीला ज्याचा हात हवा असायचा, तो माणूस वर्षभर कांदे उचलत होता.

चाळीच्या सावलीत बसून हबीबने त्यालाही सगळं सांगितलं, स्वतःच्या त्या वाक्यासकट. ‘धार कोण काढतो ते बघ’ हे आपणच म्हणालो, हेही लपवलं नाही. लोटन कांद्याचं साल बोटांनी चुरत ऐकत होता. मग हळूहळू बोलला. म्हणाला, पहिले काही महिने मलाच माझ्यावर संशय होता. बादलीच्या तळाला पाणी राहून जात असेल का, हात ओले असतात त्याचं पाणी उतरत असेल का, असं वाटायचं. झोपेतसुद्धा बादली पुसायचो. बायकोने विचारलं, खरंच टाकलं होतं का, तर ठाम नाही म्हणता आलं नाही.

हबीबने हात जोडले. चल, तुला परत कामावर ठेवायला चारुलता तयार आहे म्हणाला. लोटनने त्याचे हात खाली केले.

“भाऊ, माले आठे नका सांगा,” तो म्हणाला. “जठे माले काढं, तठेच सांगा. बठ्ठास्ना म्होरे.”

जिथून काढलं तिथेच, सगळ्यांपुढे बोलायचं कबूल करून हबीबने दिवस सांगितला. पुढच्या महिन्यातला पहिला शनिवार, संध्याकाळच्या दुधाची वेळ; तोवर डॉक्टर शिडीवर चढायची परवानगी देणार होते.

त्या शनिवारी हबीबने पाटीला चादर लावली नाही. उघड्यावर, दुधाला आलेल्या लोकांदेखत शिडी लावली, डबा उघडला आणि वर चढण्याआधी वळून उभा राहिला. दहा-पंधरा माणसं असतील. गिरधर होता, कापडवाला होता, हितेंद्र गाळ्याच्या दारात आला होता. हबीबला उभ्या आयुष्यात शिडीच्या खालून बोलायची सवय नव्हती, म्हणून त्याने एका हाताने शिडीची पायरी धरून ठेवली.

“या दुधात पाणी कधीच नव्हतं,” तो म्हणाला. “लोटन सच्चा माणूस. खोट माझ्या डोळ्यात होती. वर जे निळं दिसतंय ते मी काढलंय, आणि वर त्याच्यावर आळ घ्यायला मीच सांगितलं.”

कापडवाल्याने पाटीकडे बघितलं, मग रस्त्यापलीकडे वळून औषधाच्या दुकानाची पाटी बघितली. ती हबीबनेच तीन वर्षांपूर्वी केली होती, आणि तिच्यावरचा हिरवा मोरपंखी झाला होता, हे आता प्रत्येकाला दिसत होतं. दोघेतिघे आपापल्या दुकानाकडे चालायला लागले. हबीबला कळलं ते कुठे चाललेत. त्याने कुंचला उचलला आणि शिडी चढला.

तेव्हा वरून त्याला लोटन दिसला. घोळक्याच्या मागे, पिशवी काखेत धरून उभा. चारुलतानेही त्याला त्याच वेळी बघितलं असावं, कारण ती काउंटर सोडून धावत बाहेर आली, हातात तीच बादली घेऊन. तिने सगळ्यांसमोर वाकून त्याच्या पायांना हात लावला, माफी मागितली आणि बादली पुढे केली. म्हशी अजून तुमची वाट बघतात म्हणाली. लोटनने बादलीकडे बघितलं. तिच्या कडेवरून एकदा बोट फिरवलं, ओलं आहे का कोरडं, ते बघावं तसं. घेतली मात्र नाही.

“ऐकाले येल व्हतू,” तो म्हणाला. “ऐकं.”

ऐकायला आलेला माणूस ऐकून झाल्यावर वळला आणि स्टँडवर गेला. जळगावची गाडी लागलेलीच होती.

हबीबने पांढरा लावायला घेतला. उजवा डोळा आता दगा देत नव्हता. तरी लोट्याच्या काठापर्यंत येऊन तो थांबला. डावा डोळा अजून जुनाच होता, आणि त्याचा स्वतःवरचा भरवसा उडाला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने शिडीवरून खाली वाकून गिऱ्हाइकाला विचारलं, “पोरी, बघ बरं. झालं का पांढरं?”

त्याने परत विचारलं. चारुलता रिकामी बादली घेऊन रस्त्याच्या मध्ये उभी होती आणि तिची नजर पाटीकडे नव्हती, सुटलेल्या गाडीकडे होती.